फिरतीचा डबा : प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

बायकोच्या डब्याचं काम आजपासून माझ्याकडे. पहाटेच्या थंडीत आईचे गुडघे तिला ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत. ही एसटीत वाहक, तिची ड्यूटीच पहाटेची. माझं डीटीपीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, आणि लग्नपत्रिकेचं प्रूफ दहाच्या आधी कुणी मागत नाही. तिघांत सकाळी मोकळा मीच.

कामाची नोंद ठेवायची सवय धंद्यामुळे लागलेली, म्हणून या कामाचीही वही केली. आधी अटी.

ड्यूटीचं शेड्यूल बदललं की जेवणाची वेळ बदलते. या आठवड्यात वाईला साडेअकरा, पुढच्या आठवड्यात दहिवडीला दोन. डबा गरम करायची सोय नाही असंच धरायचं. तिकिटाचं मशीन, पैशांची पिशवी आणि डबा एकाच बॅगेत. त्यात महाबळेश्वरची फेरी मेढ्यावरून असली तर केळघर घाटाची वळणं. म्हणजे रस्सा बाद. जेवायला कधी अर्धा तास मिळतो, कधी पंधरा मिनिटं, आणि हात धुणं, बाटली भरणं त्यातच. म्हणजे सोलत, निवडत बसावं लागेल असंही काही नको.

पैशाची अट माझी: गॅस धरून एका डब्याला जास्तीत जास्त ४० रुपये. स्टँडबाहेर साधी थाळी शंभराच्या पुढे गेली आहे. वडापाव-चहावर दिवस काढला की संध्याकाळी हिचं पित्त ठरलेलं.

तिने दोनच गोष्टी सांगितल्या. "अहो, बटाटा आठवड्यातून एकदाच. आणि काय दिलंय ते आधी सांगू नका, उघडल्यावर कळू दे."

वहीत चार रकाने: काय दिलं, खर्च, किती वाजता उघडला, परत काय आलं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. भाजी बिघडली असं ही तोंडावर कधी म्हणायची नाही, पण डब्यात उरलेली दीड पोळी सगळं सांगते.

बुधवार, ८ जानेवारी

जानेवारीत भाजीच्या खर्चाची काळजी करायचं कारणच नाही. साताऱ्याच्या राजवाड्याजवळच्या मंडईत संध्याकाळी दिवे लागल्यावर गेलो. मेथीची जुडी १० रुपये, मटार ४० रुपये किलो, फ्लॉवरचा गड्डा २०, गाजरं ३०. सकाळी हाच माल दीडपट. पालेभाजी संध्याकाळी आणली तर रात्रीच निवडून, न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. धुवायची सकाळी चिरायच्या आधी. धुऊन ठेवली की कडेने काळी पडते.

आज मेथी, बेसन पेरून. डब्यासाठी पीठ पेरणं ही फार हुशारीची युक्ती आहे. भाजीचं सुटलेलं पाणी आणि तेल दोन्ही पीठ धरून ठेवतं, डब्यातून ओघळ येत नाही, आणि एका जुडीत दोन माणसांची भाजी होते. कांदापात, शेपू, मुळ्याचा पाला, कोबी, सिमला मिरची, सगळ्यांना चालतं. बेसन आधी कोरडंच खमंग भाजून घेतलं तर गार झाल्यावर कच्चट वास येत नाही. बरणीभर भाजून ठेवलंय.

परत: काही नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, वर तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आईने खुर्चीत बसून सूत्रं हलवली, हात माझे. भाजी अंगाबरोबरच्या रसाची ठेवली आणि कूट उतरवताना घातलं. कूटही बेसनासारखंच रस धरतं, आणि वर चव देतं.

भाकरीबद्दल नोंद. बाजरीची भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून डब्याची भाकरी सहसा ज्वारीचीच. उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं, झाकून ठेवायचं, हाताला सोसेल इतपत निवलं की भरपूर मळायचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो. गरम पाण्यानेच पीठ धरतं आणि भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. तव्यावरून उतरवलेली भाकरी किंवा पोळी सरळ स्टीलच्या डब्यात टाकायची नाही. वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात आणि वरची पोळी ओली, खालची चिवट. दुरडीत पाचसात मिनिटं मोकळी ठेवायची, मग सुती फडक्यात गुंडाळायची. फडकं रोज धुतलेलं.

माझ्या भाकरीला अजून गोल म्हणता येणार नाही. चालकमामांनी ती बघून "कोणत्या तालुक्याचा नकाशा?" असं विचारलं म्हणे.

शुक्रवार, १७ जानेवारी

या आठवड्यात कामाला खरी दिशा सापडली.

फ्लॉवर-मटार सकाळी चाखलं तेव्हा फक्कड होतं. परत आलं निम्मं. विचारलं तर म्हणाली, "चांगलं होतं हो, भूक नव्हती." भूक नव्हती हे पटणारं नाही, पुसेगावला भेळ घेतल्याचा कागद बॅगेत होता.

मग ठरवलं की डब्यात जी भाजी जाते तिचीच एक वाटी घट्ट झाकून दुकानात टेबलाखाली ठेवायची आणि ती डबा उघडते त्या सुमाराला आपण खायची. तशीच. गार. पहिल्याच दिवशी कळलं की सकाळी सहाला चुलीपाशी घेतलेली चव आणि दुपारी एकची चव यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

वाटीतून दिसलेलं असं. फ्लॉवर झाकणाखाली स्वतःच्या वाफेत आणखी शिजतो आणि त्याला तो ओळखीचा उग्र वास येतो. म्हणून डब्याचा फ्लॉवर कच्चट असतानाच उतरवायचा आणि परातीत पसरून निववायचा. मसाल्याचा वास गार झाल्यावर मंदावतो, त्यामुळे फोडणीत मोहरी-जिरं नेहमीपेक्षा थोडं जास्त आणि वरून आंबट हवंच: लिंबू, आमसूल, आमचूर, काहीही. तेल मात्र उलटं. गरम असताना जाणवत नाही, गार झालं की टाळूला चिकटतं. पोळीला तूप लावलं तर या थंडीत पांढरं होऊन थिजतं. डब्याच्या पोळीला तेलच, तेही आत घडीत.

बटाट्याच्या काचऱ्या सकाळी कुरकुरीत, दुपारी मेणचट. उकडून केलेली पिवळी भाजी जशी केली तशी राहते. भेंडी पुसून, कोरडी चिरून, झाकण न ठेवता परतली आणि आमसूल टाकलं तर दुपारी उलट जास्त चांगली लागते. भरलं वांगं सकाळी राजा, दुपारी तेलाचा तवंग. तेच वांगं उभं चिरून दाण्याच्या कुटात कोरडं परतलं तर टिकतं.

यापुढे कुठलाही नवा पदार्थ आधी माझ्या टेबलाखाली जाईल, मग हिच्या बॅगेत.

रविवार, २६ जानेवारी

कालपासून एसटीची भाडेवाढ लागू झाली, १४.९५ टक्के. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, म्हणजे गाड्या आधीच भरलेल्या. त्यात काल प्रत्येक स्टॉपवर नवा दर समजावणं आणि सुट्ट्या पैशांची हुज्जत. डबा उघडला पावणेचारला.

त्यात होतं मटकीची कोरडी उसळ, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, काकडी. उसळ आणि चटणी उत्तम. भाकरी वाळायला लागलेली पण खाल्ली. काकडी मात्र मी चिरून मीठ लावून दिली होती, तिचं पाणी पाणी. आता काकडी-गाजराचे नुसते उभे तुकडे द्यायचे, आणि मीठ-तिखट-दाण्याचं कूट कागदाच्या पुडीत वेगळं. खाताना पुडी फोडायची, बुडवून खायचं.

खर्चाचा हिशोब या डब्याचा लिहितो, कारण जवळपास सगळ्या उसळींना हाच लागू पडेल. कोरडी मटकी मूठभर ५ रुपये. तेल २. कांदा, लसूण, मसाला ४. दोन भाकरींचं पीठ ६. चटणी ३. काकडी ५. गॅस ४. एकूण २९. चाळिसातले ११ रुपये उरतात ते फळाला. पेरू, केळं, बोरं, जे असेल ते. महाबळेश्वरची ड्यूटी असते तेव्हा ही स्वतःच परतीला स्ट्रॉबेरीचं खोकं आणते, बाजारात पाठवण्याजोगी नसलेली लहान फळं, स्वस्तात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कडधान्यांचा आठवडा. स्वस्ताईचा पाया हाच आहे, पण रोज उसळ दिली की चारच दिवसांत तोंड वळतं. म्हणून एकच कडधान्य एकदा भिजवायचं आणि तीन रूपांत द्यायचं, तेही सलग दिवशी नाही.

मटकी: एक वाटी कोरडी, मोड आल्यावर अडीच वाट्यांच्या वर होते. पहिला भाग कांद्यावर कोरडी उसळ. दुसरा भाग फ्रिजमध्ये, तिसऱ्या दिवशी पोह्यांत. मटकी घातलेले पोहे नुसत्या पोह्यांपेक्षा मऊ राहतात आणि पोटाला धरतात. तिसरा भाग भरड वाटून धपाट्यात. तो त्यात कुणाला ओळखू येत नाही.

थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो. भिजवलेली मटकी निथळून, फडक्यात बांधून, रात्री भाताच्या कोमट कुकरशेजारी ठेवली की काम लवकर होतं.

वाघ्या घेवडा: हा आमच्या कोरेगावचा. पिवळसर अंगावर तांबडे पट्टे, भौगोलिक मानांकन मिळालेला. तिथल्या फेरीवर ही किलोभर घेऊन आली. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, कुकरला पुरता शिजवायचा. घेवडा-राजम्याच्या जातीचं काहीही अर्धकच्चं पोटात जाऊ द्यायचं नाही. शिजल्यावर त्यातले मूठभर दाणे चेचून त्याच भाजीत मिसळले की रस आपोआप दाट, पोळीला धरणारा. टेबलाखालच्या वाटीत हा पहिला नंबर. सकाळपेक्षा दुपारी चांगला, आणि उरला तर संध्याकाळी त्याहून चांगला.

हुलगे, म्हणजे कुळीथ: माणदेशी चालकमामांच्या डब्यातून आलेली कल्पना. त्यांच्या घरून हुलग्याची उसळ येते, हिने एक घास घेतला आणि मला फर्मान आलं. हुलग्यात खडे असतात, निवडायला वेळ द्यावा लागतो. ते काम आईने स्वतःकडे घेतलं: दूरदर्शनवरच्या मालिका आणि सुपातले हुलगे, दोन्ही एकदम. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे मात्र डब्यात द्यायचे नाहीत. रस्सा शोषून दुपारपर्यंत त्यांचा गोळा होतो. ते घरी रात्री, गरम.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चटण्या संपल्या. अपेक्षेच्या निम्म्या वेळात. चौकशी केली.

डबा एकटीचा नसतो ही गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती. विश्रांती कक्षात चारपाच जणी एकत्र बसतात, डबे मधे. भाजी प्रत्येकीची प्रत्येकीकडे थोडी थोडी जाते, तिची भरपाईही होते. पण चटणी एकतर्फी जाते, कारण निम्म्या जणी स्वतः पहाटे साडेतीनला उठून दोन ठिकाणचा डबा करून येतात, चटण्या कुटायला त्यांना वेळ कुठला. "तुमच्या कारळाच्या चटणीची सगळ्या वाट बघतात," असं ही म्हणाली. माझ्या म्हणजे काय, आईच्या चटणीची.

तेव्हा चटणीचं प्रमाण दुप्पट. शेंगदाणा-लसूण, कारळ, जवस, तीळ-सुकं खोबरं. चारही कोरड्या भाजून, निवल्यावर कुटायच्या. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. थांबत थांबत, झटके देत फिरवायचं. पुढच्या महिन्यापासून सुक्या खोबऱ्याची कमी करणार, उन्हाळ्यात तिला खवट वास लवकर येतो.

एका चमचा चटणीने तीच मेथी सोमवारी वेगळी लागते आणि गुरुवारी वेगळी. नवीन भाज्यांचे शोध लावण्यापेक्षा हे सोपं, आणि तीन रुपयांत.

जवळ्याची सुकी चटणी मी सुचवली होती. फेटाळण्यात आली. बंद गाडी, पन्नास माणसं, आणि बॅगेत जवळा. मान्य.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपासाचा डबा साध्यापेक्षा महाग पडतो, हे दरवर्षी कुणी ना कुणी बोलतं, आज हिशोबाने पाहिलं: ४६ रुपये. साबुदाणा खिचडी गार झाली की रबर. त्याऐवजी भगरीचा घट्ट भात पसरून निववून, त्यावर दाण्याचं कूट आणि जिरं-मिरची, राजगिऱ्याच्या पिठात उकडलेलं रताळं कुस्करून थालीपीठ, गूळ-शेंगदाणे. रताळ्याचं थालीपीठ गार खायला फार छान. उपास नसतानाही द्यायचं.

मंगळवार, ११ मार्च

ऊन वाढलं. बॅग चालकाच्या केबिनमध्ये, इंजिनशेजारी असते. तिथे डब्याला हात लावला तर कोमट लागतो, असं ही म्हणते. म्हणजे थंडीतले सगळे अंदाज रद्द.

बाद: ओलं खोबरं घातलेलं सगळं. उकडलेला बटाटा कांद्यासकट (कांद्याने लवकर आंबतो, निदान आमच्या डब्यात). डाळ घातलेल्या पालेभाज्या. आदल्या रात्रीचा फोडणीचा भात तर पूर्ण बंद. शिजलेला भात कोमट जागी तासन्‌तास राहिला की त्यातले जंतू वाढतात, आणि पुन्हा परतून ते विष जात नाही; वासावरून कळेलच असंही नाही. गाडीत पोट बिघडलेल्या वाहकाने काय करायचं? पुढचा स्टँड तासाभरावर.

भात हवाच असेल तर एकच प्रकार, आणि तो लवकरच्या जेवणाच्या ड्यूटीलाच. दहीभात, पण दही न कालवता. सकाळी ताजा मऊ भात चांगला पसरून निववायचा. निवालेल्या भातात तापवून कोमट केलेलं दूध सढळ हाताने, इतकं की पातळ वाटावं. मीठ, आणि विरजणापुरतं एक चमचा दही. वर जिरं-मिरची-कढीपत्त्याची फोडणी. डबा बंद. बॅगेची ऊब विरजणाला पोषकच. साडेअकरापर्यंत दुधाचं भाताच्या पोटातच दही लागतं, आंबट होत नाही, कोरडंही पडत नाही. सकाळीच दही कालवलेला भात दुपारी आंबटढाण आणि गोळा होतो.

टेबलाखालची वाटी या वेळी दोनदा ठेवली. साडेअकराची उत्तम. दीडची खाण्याजोगी, पण आंबटाकडे झुकलेली. म्हणजे दोनच्या जेवणाच्या शेड्यूलला हा द्यायचा नाही, असं लाल शाईने लिहिलंय.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड, पण ड्यूटी आहे. कालची पुरणपोळी डब्यात, दूध नाही, तूप नाही, नुसती. पुरण घट्ट शिजवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. कटाची आमटी घरीच राहिली, ती मी दुपारी वाटीने प्यायलो. विश्रांती कक्षात आज पाच घरच्या पुरणपोळ्या जमल्या आणि त्यांची परीक्षा झाली म्हणे. आपला क्रमांक कळवण्यात आलेला नाही.

रविवार, २३ मार्च

आईशी बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली, ती लिहितो. मी इतके दिवस घरच्या ताटातले पदार्थ डब्यात बसवायचा प्रयत्न करत होतो. पण आपल्याकडे मुळात वाटेवर खायचेच पदार्थ आहेत, बैलगाडीच्या, वारीच्या, शेतावरच्या काळापासूनचे. त्यांना फ्रिज माहीत नाही, मायक्रोवेव्ह माहीत नाही. ते गार खायलाच जन्मलेत.

दशमी: पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, हवं तर गूळ. दुधामुळे दोन दिवस मऊ राहते. धपाटे: ज्वारी, बेसन, थोडी कणीक, दह्यात भिजवलेली, लसूण-तीळ-ओवा. तिखटमिठाच्या पुऱ्या. भाजणीचं थालीपीठ. झुणक्याच्या वड्या, म्हणजे थापून कापलेल्या, वर तीळ-खसखस. गुळपापडी. हे सगळं भाजी न देताही जेवण होतं, सोबत चटणी किंवा लोणच्याची फोड पुरे. आणि पंधरा मिनिटांच्या जेवणात हातानेच तुकडा मोडून खाता येतं.

आजपासून आठवड्यातले दोन दिवस वाटेच्या पदार्थांचे. थापायला वेळ जातो, पण भाजीचा वेळ वाचतो.

धपाटी प्लॅस्टिकच्या कागदावर थापायचं मी सुचवलं. आई म्हणाली, "ओल्या फडक्यावर थाप बाळा, तव्यावर उलटं टाकलं की आपोआप सुटतं." सुटतं. फडक्याची वीण धपाट्यावर उमटते तीही छान दिसते.

मंगळवार, ८ एप्रिल

आजपासून सिलिंडर ५० रुपयांनी महाग. आमच्याकडे एक साधारण महिना-सव्वा महिना जातो, म्हणजे घराला रोजचे दीड रुपयाच्या आसपास. डब्याच्या वाट्याला त्यातले आठ आणेही नाहीत. सिलिंडरपेक्षा तेलाचं बघायला हवं. गेल्या सप्टेंबरात आयात शुल्क वाढल्यापासून ते खाली आलेलंच नाही. डब्याला तेल कमीच चांगलं लागतं हे वाटीने आधीच सांगितलंय. बरंच झालं.

रविवार, २० एप्रिल

तक्ता कधीपासून करीन म्हणत होतो. वार आणि पदार्थ असा केला असता तर दुसऱ्याच आठवड्यात मोडला असता, कारण मंडईत काय मिळेल आणि ड्यूटी कोणती लागेल हे वाराला कळत नाही. म्हणून तक्ता जातींचा: पीठ पेरलेली भाजी, उसळ, परतलेली फळभाजी, वाटेचा पदार्थ, अंडं. लागोपाठ दोन दिवस एक जात नको, एवढाच नियम. भाकरी आणि पोळी आलटून पालटून. चटणी कालची आज नको. एवढ्या तीन गोष्टी फिरल्या की महिनाभर डबा तोच तो वाटत नाही, आणि मला मात्र पंधराएक पदार्थांपलीकडे काही करावं लागत नाही.

अंड्याला सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी वर्ज्य. भुर्जी कोरडी, कांदा पुरता लाल करून, टोमॅटो न घालता, आणि पोळीतच गुंडाळून. सात रुपयांना एक, दोन अंड्यांत डबा होतो. उन्हाळ्यात फक्त लवकर जेवणाच्या ड्यूटीला.

लवकरच्या आणि उशिराच्या ड्यूटीचे पदार्थ वेगवेगळ्या रंगात लिहिले, सोळा पॉइंटाच्या अक्षरात, चौकट घालून, फ्रिजवर लावले. व्यवसायाचा एवढा तरी फायदा. ही म्हणाली, "मी फ्रिजकडे बघणार नाही, मला उघडल्यावरच कळू दे." तक्त्याला उलटं पान लावलंय.

गुरुवार, ८ मे

लग्नसराई. अक्षय्य तृतीयेपासून दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही, रात्री दीडपर्यंत प्रुफं. या आठवड्यात डब्याला वीस मिनिटांच्या वर देता येत नाहीत, तेव्हा वीस मिनिटांत काय होतं ते लिहून ठेवतो.

भिजवलेले मूग कुकरात नाही, कढईतच परतून. दोडक्याच्या शिरा काढल्यावर त्या शिरांची चटणी आणि दोडक्याची डाळ न घालता भाजी. कच्ची कैरी किसून, गूळ, तिखट, मीठ, फोडणी: याला शिजवणंच नाही, आणि आंबट-गोड असल्याने उन्हात टिकतं. पोळ्या गल्लीतल्या मावशींकडून, आठ रुपयांना एक. त्यामुळे डबा ४० च्या पुढे गेला, ४४, ४७. जाऊ दे. एका पत्रिकेच्या कामात निघतात तेवढे.

माझी एकची वाटी चालूच. आता ते माझंही जेवणच झालंय. गिऱ्हाईकांना वाटतं मी डाएटवर आहे.

मंगळवार, २७ मे

पाऊस मे महिन्यातच. आठवडाभर धुऊन काढतोय, आणि मान्सून रीतसर राज्यात दाखल झाल्याचंही जाहीर झालं. मंडईत पालेभाजी चिखलात बरबटलेली, मेथी ४० रुपये जुडी, कोथिंबीर विचारूच नये. पाटणकडची भाजी आलीच नाही.

एप्रिलच्या उन्हात आईने गच्चीवर सांडगे घातले होते, मटकीच्या डाळीचे आणि मिश्र डाळींचे. तेव्हा मी म्हणालो होतो, एवढे कशाला. आज पहिला डबा त्यातला. सांडगे तेलात बदामी तळसून बाजूला काढायचे, त्याच तेलात कांदा-लसूण, गरम पाणी बेताचं, सांडगे परत आत, झाकण. पाणी पूर्ण आटलं की भाजी कोरडी, पण सांडगा आतून मऊ. वाटीत एक वाजता आणखी मुरलेला. मूठभर सांडग्यांत एक डबा, सात-आठ रुपये. डाळ एप्रिलच्या भावाची.

डबा उघडला सव्वादोनला, मेढ्याला, पावसात. परत काही नाही. निरोप मात्र आला: विश्रांती कक्षात तिघींनी सांडगे विकत मागितलेत, किलोचा भाव काय लावायचा ते आईंना विचारा. आई म्हणाली, विकायचे नाहीत, पण पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी डाळ आणि एकेक सुट्टी घेऊन या, गच्ची मोठी आहे.

सांडग्यांचा साठा मोजला. आठवड्यातून एकदा दिले तर ऑगस्टपर्यंत पुरतील. श्रावणात पालेभाजी खाली येईल तोवर बाकीचे दिवस घेवडा, हुलगे आणि धपाटी.